चौकातील दिवा आणि पायी चालणारा माणूस

गेल्या दोन-तीन दशकांत शहरोशहरीच्या चौकांतून जुने बल्ब गेले आणि एलईडीचे सिग्नल आले. या बदलाचे आम्ही स्वागत करतो. बल्बचा प्रकाश रंगीत काचेतून गाळावा लागे आणि बहुतांश वीज उष्णतेत वाया जाई. एलईडी हव्या त्याच रंगाचा प्रकाश देतो. हिशेब साधा आहे. सिग्नलच्या तीन रंगांपैकी एक सतत पेटलेला असतो. त्यासाठी १०० वॉटचा बल्ब वर्षाला ८७६ युनिट वीज खातो, तर १५ वॉटचा एलईडी सुमारे १३१. शिवाय तार तुटली की बल्ब पूर्ण विझे; एलईडींची जोडणी अनेक साखळ्यांत केली, तर एक साखळी बंद पडूनही रंग दिसत राहतो. बल्बमागील आरशावर मावळतीचे ऊन पडून विझलेला दिवा पेटल्यासारखा भासे, तो धोकाही पुष्कळ कमी झाला.

तंत्रज्ञांचे हे यश निर्विवाद आहे. परंतु सिग्नल प्रकाशाबरोबर वेळेचेही वाटप करतो, आणि वाटप आले की कोणाला किती, हा प्रश्न आलाच. आराखड्यांत पादचाऱ्याचा वेग बहुधा सेकंदाला १.२ मीटर धरतात. त्या हिशेबाने २४ मीटर रुंदीचा रस्ता २० सेकंदांत ओलांडता येतो. काठी टेकत सेकंदाला ०.८ मीटर चालणाऱ्या वृद्धास मात्र ३० सेकंद लागतात. उरलेले दहा सेकंद त्याने धावत्या मोटारींपुढे काढावयाचे काय?

२०२० साली मुंबईत दादर परिसरातील पादचारी सिग्नलांवर स्त्रीची आकृती झळकली. हे पाऊल योग्यच होते. पण डोक्यावर पाटी आणि कडेवर मूल घेऊन रस्ता ओलांडणाऱ्या स्त्रीला आकृतीइतकीच सेकंदांचीही गरज आहे. त्यासाठी नवा दिवा लागत नाही. नियंत्रकातील आकडा बदलावा लागतो. अडचण यंत्राची नाही, प्राधान्यक्रमाची आहे.

कार्यकर्त्यांनी आपल्या वस्तीजवळच्या चौकात घड्याळ घेऊन उभे राहावे, रस्त्याची रुंदी मोजावी, एखाद्या आजीबाईंसोबत तो ओलांडून पाहावा आणि हे आकडे नगरपालिका व वाहतूक पोलिसांपुढे ठेवावेत. विजेच्या युनिटांचा हिशेब ठेवणाऱ्यांनी पायी चालणाऱ्याच्या सेकंदांचाही हिशेब दिला पाहिजे.