उलटगणती थांबते तेव्हा

अग्निबाण आकाशात सोडण्याला मराठीत ‘प्रक्षेपण’ म्हणतात आणि एखादी घटना दूरचित्रवाणीवरून घरोघरी पोहोचवण्यालाही ‘प्रक्षेपण’च म्हणतात. २५ जून २०२५ रोजी भारतीय वेळेनुसार दुपारी १२ वाजून १ मिनिटाने ही दोन्ही प्रक्षेपणे एकाच क्षणी घडली. फ्लोरिडातील केनेडी अंतराळ केंद्राच्या ३९-ए या तळावरून ‘फाल्कन-९’ झेपावला. त्याच्या टोकावरील ‘ड्रॅगन’ कुपीत इतर तिघांसह ग्रुप कॅप्टन शुभांशु शुक्ला होते. राकेश शर्मा यांच्या १९८४ मधील सोयूझ प्रवासानंतर ४१ वर्षांनी एक भारतीय नागरिक अंतराळात निघाला होता. लखनौमध्ये त्यांच्या शाळेत त्यांचे आई-वडील पडद्याकडे डोळे लावून बसले होते आणि देशभरात असंख्य लोक तेच दृश्य पाहत होते.

या पाहण्यात एवढे थरारक काय असते? उपग्रहाचे उड्डाण फसले तर पैसा आणि वर्षानुवर्षांचे श्रम वाया जातात. कुपीत माणसे असतील तर त्यांच्या प्राणांचाच प्रश्न असतो. कुपी अग्निबाणापासून विलग होऊन कक्षेत सुखरूप पोहोचेपर्यंतची नऊ-साडेनऊ मिनिटे काय घडेल, हे प्रेक्षकाला ठाऊक नसते आणि नियंत्रण कक्षातील तज्ज्ञांनाही खात्रीने ठाऊक नसते. अनिश्चिततेतील ही बरोबरी हेच थेट प्रक्षेपणाचे खरे आकर्षण आहे. मात्र यशाचा जल्लोष थेट पाहण्याचा हक्क हवा असेल, तर अपयश आणि विलंबही थेट पाहण्याची तयारी ठेवावी लागते.

सर्वच सत्तांना हा व्यवहार मान्य नव्हता. १२ एप्रिल १९६१ रोजी युरी गागारिन पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले, तेव्हा ते अंतराळात पोहोचल्यावरच सोव्हिएत नभोवाणीने जगाला बातमी दिली. त्यानंतर तीनच आठवड्यांनी, ५ मे रोजी, अमेरिकेने अ‍ॅलन शेपर्ड यांचे उड्डाण कॅमेऱ्यांसमोर केले. चीननेही २००३ मध्ये आपला पहिला अंतराळवीर पाठवताना थेट प्रक्षेपण टाळले. ते झाले २००५ मधील दुसऱ्या मोहिमेच्या वेळी. अपयश झाकण्याची सोय हातची सोडणे कोणत्याही शासनाला जड जाते.

खुलेपणाची किंमत किती भयंकर असू शकते, हे २८ जानेवारी १९८६ रोजी दिसले. ‘चॅलेंजर’मधून ख्रिस्ता मॅकऑलिफ ही शिक्षिका जाणार असल्याने अमेरिकेतील अनेक शाळांत ते उड्डाण दाखवण्याची व्यवस्था होती. मोठ्या वाहिन्यांना मात्र अशा उड्डाणांचे अप्रूप उरले नव्हते. अवघ्या ७३ सेकंदांत यानाच्या ठिकऱ्या उडाल्या आणि सातही जणांचा मृत्यू मुलांनी आपल्या वर्गात बसून पाहिला. त्या उड्डाणाचा मुहूर्त त्याआधी अनेकदा टळला होता. कडाक्याच्या थंडीत घन इंधनाच्या अग्निबाणांच्या जोडांमधील रबरी कडी दगा देतील, असे ते अग्निबाण बनवणाऱ्या कंपनीचे अभियंते आदल्या रात्री सांगत होते. त्यांचे म्हणणे डावलले गेले. पुढे रॉजर्स आयोगाने हे सारे चव्हाट्यावर आणले. लाखो लोकांनी जे डोळ्यांनी पाहिले, त्याची चौकशी दडपणे कोणालाही शक्य नव्हते.

याची दुसरी बाजू ११ ऑक्टोबर २०१८ रोजी दिसली. ‘सोयूझ एमएस-१०’ बैकानूरहून निघाल्यावर सुमारे दोन मिनिटांनी त्याचा एक पार्श्व अग्निबाण नीट विलग झाला नाही. आतील दोघे हादरे खात असल्याचे दृश्य जगाने थेट पाहिले. पण सुटकेची यंत्रणा चोख चालली आणि दोघेही कझाकस्तानात सुखरूप उतरले. पुढच्याच मार्चमध्ये ते पुन्हा अंतराळात गेले.

शुक्ला यांची मोहीमही अनेकदा लांबणीवर पडली होती. कधी हवामान आड आले, कधी अग्निबाणातील द्रवरूप ऑक्सिजनची गळती, तर कधी अंतराळ स्थानकाच्या रशियन विभागातील गळतीची शंका. दर वेळी आपल्याकडे हिरमोड झाला. ऑक्सिजनची गळती पूर्णपणे दुरुस्त झाल्याखेरीज उड्डाण नको, असा आग्रह तेथे गेलेल्या इस्रोच्या पथकाने धरला होता, हे अध्यक्ष व्ही. नारायणन यांनी नंतर सांगितले. म्हणजे ज्या विलंबाने आपण खट्टू झालो, तो काही अंशी आपल्याच शास्त्रज्ञांनी मागून घेतला होता आणि तेच त्यांचे मोठे काम होते.

‘गगनयान’च्या निमित्ताने हा मुद्दा आपल्या अंगणात येतो. श्रीहरिकोट्याहून भारतीय अग्निबाणातून भारतीय अंतराळवीर निघतील, तेव्हाची उत्कंठा २०२५ च्या कैकपट असेल. २१ ऑक्टोबर २०२३ रोजी त्याची लहानशी तालीम झाली. अंतराळवीरांच्या सुटकेच्या यंत्रणेची ती मानवरहित चाचणी होती. उड्डाणाला पाच सेकंद उरले असताना संगणकाने उलटगणती थांबवली. तत्कालीन अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी पडद्यावर येऊन उड्डाण थांबल्याचे सरळ सांगितले. दोष शोधून तो दूर केला गेला आणि सकाळी दहा वाजता चाचणी यशस्वी झाली. त्या दिवशी इस्रोने जी पारदर्शकता दाखवली, तीच मानवी उड्डाणाच्या वेळी टिकायला हवी.

ती आपोआप टिकेल असे मानता येत नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये ‘विक्रम’शी संपर्क तुटल्याचे देशाने थेट पाहिले, पण त्यामागची कारणे सविस्तर ऐकायला मिळाली ती २०२३ मध्ये, चांद्रयान-३ च्या वेळी. मानवी मोहिमेत असे मौन परवडणार नाही. राज्यकर्त्यांनी उड्डाणाची तारीख कोणत्याही समारंभाला बांधू नये आणि वाहिन्यांनी थांबलेल्या उलटगणतीला नामुष्की ठरवू नये. प्रेक्षक म्हणून आपलीही जबाबदारी आहे. लोकांची अधीरता नियंत्रण कक्षापर्यंत पोहोचते आणि तेथे ती दडपण होऊन बसते. पाच सेकंद उरले असताना ‘थांबा’ म्हणणाऱ्या अभियंत्याच्या पाठीशी आपण उभे राहिलो, तर कुपीतील माणसे घरी परतण्याची शक्यता तेवढीच वाढेल. उड्डाण पाहण्याचा आनंद दुसऱ्या दिवशीही घेता येतो.