वेळेची नोंद : यंत्राने की हाताने?

शेतीचा जमाखर्च मांडताना बियाणे, खते व औषधे यांवर झालेला खर्च शेतकऱ्याच्या ध्यानात असतो. परंतु घरच्या माणसांनी शेतात घातलेला वेळ बहुधा हिशेबात येतच नाही. तो आणावयाचा तर त्याची नोंद ठेवली पाहिजे. आता या कामासाठी मोबाइलवर दोन प्रकारची साधने मिळतात. एका प्रकारात मोबाइल कोठे व किती वेळ होता हे ओळखून तास आपोआप लिहिले जातात. दुसऱ्या प्रकारात काम व तास आपण स्वतः भरावयाचे असतात. यांपैकी कोणते पत्करावे, असा प्रश्न ग्रामसभांत व शेतकरी मेळाव्यांत मला वारंवार विचारला जातो. माझे मत थोडक्यात असे, की यंत्राचा वेळ यंत्राने मोजावा आणि माणसाचा वेळ माणसाने लिहावा.

प्रथम यंत्रांचा विचार करू. रात्री वीज आली की ऑटोस्विचमुळे विहिरीवरील पंप आपोआप सुरू होतो. त्या वेळी शेतकरी घरी निजलेला असतो. पंप किती तास चालला हे त्याने सकाळी अंदाजाने लिहिणे व्यर्थ होय. पंपाच्या पेटीत तास मोजणारे मीटर बसविल्यास हा प्रश्न सुटतो. ट्रॅक्टरवर तर असे मीटर असतेच व त्यावरील आकड्यावरूनच इंजिनातील ऑइल केव्हा बदलावयाचे हे ठरते. अशा ठिकाणी हाताने नोंद करण्याचा हट्ट धरू नये.

माणसाची गोष्ट निराळी आहे. स्वयंचलित नोंद अचूक असते असे समजून मी एका कापूस उत्पादक शेतकऱ्यास तिचा आग्रह केला होता. आठवड्याने नोंदी पाहिल्या, तेव्हा एका दिवशी त्यांच्या नावावर आठ तास आढळले. चौकशीअंती कळले, की त्या दिवशी मोबाइल सदऱ्याच्या खिशात राहून गोठ्यापाशी टांगलेला होता आणि ते स्वतः दुपारी बाजारास गेले होते. त्याच दिवशी त्यांच्या पत्नीने पाच तास व आईने तीन तास कपाशीची निंदणी केली होती. त्या दोघींपाशी मोबाइल नव्हता. म्हणून त्यांच्या नावावर एक मिनिटही नव्हते. यंत्र खोटे बोलले नाही. त्याने मोबाइलचा वेळ मोजला, श्रमाचा नव्हे.

ही चूक क्षुल्लक नाही. २०१८-१९ च्या अर्थसंकल्पात हमीभाव उत्पादन खर्चाच्या किमान दीडपट ठेवण्याचे धोरण जाहीर झाले. त्यासाठी धरल्या जाणाऱ्या खर्चात रोख खर्चाबरोबर कुटुंबाच्या श्रमाचे मूल्यही मिळविलेले असते. सरकारी हिशेबात ज्या श्रमाला स्थान आहे, त्याला आपल्या घरच्या वहीत स्थान नसावे काय? आपल्या एका वहीने हमीभाव बदलणार नाही, हे खरे. परंतु कोणते पीक घरच्या माणसांची मेहनत फेडते व कोणते फुकट खाते, हे मात्र तीच वही सांगेल.

हाताने केलेल्या नोंदीतही दोष आहेत. मी स्वतः कित्येकदा फिरतीची दैनंदिनी महिनाअखेरीस एका बैठकीत भरली आहे. त्या नोंदी दिसावयास सुबक असत, पण त्यांतील तास आठवणीतून ओढूनताणून आणलेले असत. म्हणून नोंद त्याच सायंकाळी झाली पाहिजे. दिवस, शेत, काम, काम करणारी व्यक्ती व तास एवढे एका ओळीत लिहावे. उदाहरणार्थ : ‘सोमवार, विहिरीजवळचे शेत, कपाशीची निंदणी, पत्नी ५ तास, आई ३ तास.’ आठ तासांचा एक दिवस धरला, तर ही एका दिवसाची मजुरी झाली. गावातील चालू दराने तिची किंमत त्या पिकाच्या खर्चात मांडावी. ही ओळ मोबाइलमध्ये भरली काय किंवा शाळकरी मुलीने वहीत लिहिली काय, फरक पडत नाही.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांना एक सूचना करावीशी वाटते. शेतकऱ्याच्या घरी गेल्यावर मोबाइलमध्ये कोणते अ‍ॅप आहे हे विचारण्यापूर्वी, काल शेतात कोण कोण राबले हे विचारावे, आणि तो प्रश्न केवळ घरच्या कर्त्या पुरुषास न विचारता घरातील स्त्रियांनाही विचारावा. तसेच मजुरांवर पाळत ठेवण्यासाठी अशा साधनांचा उपयोग करण्याचा सल्ला कोणासही देऊ नये. नोंद ही श्रमाचा मान राखण्यासाठी आहे.

शेतकरी बंधूंनी व भगिनींनी येत्या हंगामात एका तरी पिकासाठी हा प्रयोग करून पाहावा. हंगामाच्या शेवटी तासांची बेरीज केली म्हणजे, आजवर ज्यास नफा समजत आलो त्यात घरच्यांची न दिलेली मजुरी किती होती, हे आपले आपणास कळून येईल.

— एक कृषि अधिकारी