'गेलो'चे 'गेले' करताना

कथालेखनाचा स्वाध्याय हाती घेतला की एक शंका बहुतेकांच्या मनात येते. पुरुषाने स्त्रीच्या तोंडून कथा सांगावी काय? स्त्रीने पुरुषाच्या तोंडून सांगावी काय? यावर दोन उत्तरे नेहमी तयार असतात. ज्याचे त्यानेच लिहावे, हे एक. कल्पनाशक्तीला लिंग नसते, हे दुसरे. पहिले उत्तर स्वीकारले तर 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी मराठीत असावयास नको होती, असे म्हणावे लागेल. दुसरे उत्तर उदार वाटते खरे. परंतु त्याच्या आडून श्रम टाळण्याची सोय होते. मला दोन्ही पटत नाहीत. मुभा सर्वांना आहे. मात्र पात्राच्या नावापुढील 'तो' खोडून 'ती' लिहिल्याने कोणतेही काम होत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे 'खोडून लिहिणे' आज एका वेगळ्याच क्षेत्रात रूढ झाले आहे. आपल्या घरातील मुले मोबाइलवर वा संगणकावर जे व्हिडिओ गेम खेळतात, त्यांपैकी काहींमध्ये खेळाडूंना स्वतः बदल करता येतात. नायकाचा चेहरा, पोशाख, आवाज, कधी संपूर्ण देह बदलला जातो. अशा बदलाला 'मॉड' म्हणतात. 2012 साली माइक हॉय या प्रोग्रॅमरने आपल्या लहान मुलीसाठी असाच एक बदल केला. 'द लेजेंड ऑफ झेल्डा: द विंड वेकर' या खेळाचा नायक मुलगा आहे. पडद्यावरील संवाद मुलीला वाचून दाखवताना तो मनातल्या मनात 'तो'ची 'ती' करीत असे. पुढे त्याने खेळातील मजकूरच बदलून टाकला. त्यात अडचण अशी, की नवा शब्द जुन्या शब्दाच्या जागेत नेमका मावला पाहिजे. म्हणून 'माय लॅड' या संबोधनाच्या जागी त्याने 'मिलेडी' हे संबोधन घातले. रोमन लिपीत दोहोंची जागा सारखीच.

बापाने लेकीसाठी केलेले हे काम मला फार गोड वाटते, आणि त्या खेळापुरते ते पुरेसेही आहे. समुद्र तोच, तलवार तीच, शत्रू तेच. नायिका आली म्हणून वाऱ्याने दिशा बदलण्याचे कारण नाही. मुलीला हवे होते ते तिला मिळाले. आपली अडचण अशी, की आपल्या कथेतील वारा दिशा बदलतो.

मराठीत हा प्रश्न व्याकरणापासूनच सुरू होतो. इंग्रजीत 'मी' म्हणणारी व्यक्ती स्त्री की पुरुष, हे क्रियापदावरून कळत नाही. मराठीत ते कळते, पण सर्वत्र नाही. 'मी दार उघडले, चहा केला, पत्र वाचले' या वाक्यात निवेदक कोण याचा पत्ता लागत नाही, कारण क्रियापद कर्माच्या मागे जाते. 'मला भूक लागली', 'मी उद्या येईन' यांतही लागत नाही. हे टिपण लिहिणारी व्यक्ती पुरुष आहे की स्त्री, हेही आतापर्यंतच्या वाक्यांवरून आपल्याला ठरविता येणार नाही. परंतु भूतकाळात 'मी गेलो' किंवा 'मी गेले' म्हणताच उलगडा होतो. येणे, जाणे, बसणे, थांबणे ही अकर्मक क्रियापदे, आणि सकर्मकांपैकी बोलणे, शिकणे, विसरणे अशी मोजकी, निवेदकाचे लिंग उघड करतात. दक्षिण महाराष्ट्राचा अपवाद येथे सांगितला पाहिजे. कोल्हापूरकडील पुष्कळ स्त्रिया सहजपणे 'मी आलो', 'मी जातो' म्हणतात. म्हणून त्यांचे जगणे पुरुषाचे होत नाही. प्रत्यय ही केवळ खूण आहे.

आता हा उतारा पाहा. 'काम आटोपून मी शेवटच्या गाडीने डोंबिवलीला आलो. स्टेशनबाहेर टपरीवर चहा प्यालो, थोडा वेळ तिथेच रेंगाळलो आणि चालत घरी गेलो.' क्रियापदे बदला: आले, प्याले, रेंगाळले, गेले. व्याकरण निर्दोष आहे. तरी 'रेंगाळले' या शब्दापाशी वाचक थबकतो. स्त्री रेंगाळत नाही, असे मुळीच नाही. पण मध्यरात्रीनंतर स्टेशनबाहेर तिचे रेंगाळणे पुरुषाच्या रेंगाळण्याइतके बिनकारण राहत नाही. कोणीतरी पाहते, आणि कोणीतरी पाहत आहे हे तिला ठाऊक असते. पुरुषाच्या कथेत जे वाक्य विसावा देते, तेच तिच्या कथेत घटना होते. लेखकाला येथे काहीतरी ठरवावे लागते. ती मुद्दाम थांबली काय? कोणाची वाट पाहत होती काय? की ती टपरी तिचीच आहे?

लगेच दुसरा खड्डा समोर येतो. रात्रीची वेळ आणि स्त्री एवढे जमले की नवा लेखक तिला घाबरवून सोडतो. वास्तविक तिच्या पायाला गोळे आलेले असतील, उद्याच्या पहिल्या पाळीचा तिला वैताग आला असेल, वा ठाण्याला जागा मिळाल्याचा आनंद अजून ओसरला नसेल. तीच गत लोकलच्या महिला डब्याची. कथेतल्या महिला डब्यात बायका अखंड भाजी निवडत असतात. भाजी निवडली जातेच. पण ती बाहेरच्याला दिसलेली किंवा त्याने ऐकलेली गोष्ट आहे. चढल्याबरोबर बसलेलीला 'कुठे उतरणार?' असे विचारून जागेवर हक्क सांगणारी, चौथ्या सीटवर अर्धवट टेकलेली, सर्वांशी भांडून झोपी जाणारी बाई त्या डब्यात असते, आणि ती कथेत क्वचितच येते. स्त्री-पात्राला आपण दुःख लवकर देतो. चूक करण्याची, हट्टी किंवा स्वार्थी असण्याची परवानगी उशिरा देतो. पुरुष लेखकांच्या स्त्री-पात्रांची ही मला सर्वांत मोठी उणीव वाटते.

ह. ना. आपटे यांनी 1890 मध्ये 'करमणूक' सुरू केले तेव्हा ते सव्वीस वर्षांचे होते. त्याच पत्रातून 'पण लक्षात कोण घेतो' क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली आणि 1893 मध्ये पुस्तकरूपाने आली. संपूर्ण निवेदन यमूचे, प्रथमपुरुषी. या निवेदनावर आपला विश्वास बसतो तो तिच्या वैधव्याच्या करुण प्रसंगामुळे, असे सामान्यतः म्हटले जाते. मला त्याआधीचा भाग अधिक निर्णायक वाटतो. माजघरातील कुजबुज, मोठ्यांचे अर्धे ऐकलेले बोलणे, कोणासमोर तोंड उघडावे आणि कोणासमोर नाही याचा लहानपणीच अंगी मुरलेला हिशेब, हे सर्व आपट्यांनी बाहेरून पाहून लिहिलेले नाही. त्यासाठी त्यांनी घरातील बायकांचे बोलणे फार लक्षपूर्वक ऐकले असले पाहिजे. सुधारणेचा हेतू मात्र कधी कधी यमूवर भारी पडतो आणि ती सोसण्यासाठीच जन्मली आहे की काय, असे वाटू लागते.

उलट दिशेचे उदाहरण म्हणून इरावती कर्वे यांचे 'युगान्त' घ्या. ती कथा नव्हे, हे मान्य. पण भीष्मासारख्या पुरुषाकडे पाहताना त्याच्या प्रतिज्ञेची किंमत कोणत्या स्त्रियांनी मोजली, असा प्रश्न त्या विचारतात, आणि त्यामुळे भीष्म लहान होत नाही, अधिक खरा होतो. तसेच ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे 'मी हिजडा, मी लक्ष्मी!' हे आत्मकथन, वैशाली रोडे यांनी शब्दबद्ध केलेले, अवश्य वाचा. अशा जगण्याविषयी लिहिताना क्रियापदाचा कोणता प्रत्यय घ्यावा, हा निर्णयच आशयाचा भाग असतो.

शेवटी आपल्याच कल्याणच्या एका स्त्रीकडे येऊ. जोशी घराण्यातील यमुनेचे 1874 मध्ये वयाच्या नवव्या वर्षी गोपाळराव जोशी यांच्याशी लग्न झाले आणि ती आनंदी झाली. गोपाळराव विधुर, वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठे, टपाल खात्यात नोकरीला. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गेले. 1883 मध्ये ती एकटी अमेरिकेला निघाली, 1886 मध्ये पेनसिल्व्हेनियातून डॉक्टर झाली, आणि फेब्रुवारी 1887 मध्ये, बाविसावे वर्ष पुरे होण्यापूर्वी, वारली. गेली, बोलली, शिकली: व्याकरणात लिंग उघड करणारी हीच क्रियापदे तिच्या आयुष्यात समाजाला खुपली. (आपट्यांची नायिकाही यमुनाच. तो योगायोग समजावा. त्यावर प्रबंध रचू नये.)

श्री. ज. जोशी यांनी 1968 मध्ये 'आनंदी गोपाळ' लिहिली. ती वाचनीय आणि सहृदय कादंबरी आहे. तरी तिच्यातील विक्षिप्त, हट्टी, विसंगत गोपाळराव आनंदीपेक्षा अधिक जिवंत वाटतात, असे माझे मत आहे. लेखकाने त्यांना चुकण्याची मुभा दिली; आनंदीच्या वाट्याला बहुतांशी सोसणे आणि मोठे होणे आले. काशीबाई कानिटकरांनी लिहिलेल्या चरित्रामुळे आणि खुद्द आनंदीबाईंच्या पत्रांमुळे ही तुलना आपल्याला करता येते. अमेरिकेतून पतीला लिहिलेल्या एका पत्रात तिने लहानपणी त्यांच्या हातून खाल्लेल्या माराचा हिशेब मांडला आहे. त्याच पत्रात, ही वागणूक चांगली होती की वाईट हे ठरविणे कठीण आहे, असेही ती म्हणते. आरोप आणि कृतज्ञता यांपैकी एकही ती सोडत नाही.

कल्याणचे सार्वजनिक वाचनालय 1864 पासून आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 पासून वाचकांची सेवा करीत आहे. जे जवळ असेल तेथे चौकशी करा. कादंबरी आधी वाचा, पत्रे नंतर. मग पत्रातील तो हिशेब कादंबरीतल्या आनंदीच्या तोंडी घालून पाहा, आणि तो तिला पेलण्यासाठी कादंबरीची आधीची किती पाने नव्याने लिहावी लागतील, ते आपल्या वहीत नोंदवा.