पाच पॉइंट, एक दिवस

सप्टेंबरचा शेवट होता. स्पितीच्या बाजूला पोस्टिंग असताना एका रात्री पावणेदहाला फोन वाजला. पलीकडे माझ्या जुन्या कंपनीच्या सिनियर जेसीओंच्या मिसेस होत्या. साताऱ्याकडचं जोडपं. साहेब रिटायर होऊन सहा वर्षं झालेली. आमच्याकडच्याच एका टूर कंपनीबरोबर ते दोघं स्पिती बघायला आले होते, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्याकडे चहाला यायचं ठरलं होतं.

"साहेब, यांना आडवंच होता येत नाही हो. पडले की श्वास कोंडतो. दुपारपासून खोकताहेत."

वहिनींना एवढंच सांगितलं, की त्यांना बसवून ठेवा, चालू देऊ नका, पाणी गरम करायलाही उठू देऊ नका. आमच्या डॉक्टरला घेऊन निघालो. हॉटेलात पोचलो तेव्हा सुभेदार साहेब पलंगाच्या कडेला दोन्ही हात गुडघ्यावर रोवून बसले होते. ओठ निळसर. मला बघून उठायला गेले. सलाम करायचा होता त्यांना! डॉक्टरनं छातीला स्टेथोस्कोप लावला आणि माझ्याकडे बघितलं. फुप्फुसात पाणी. ऑक्सिजन लावून त्याच रात्री त्यांना खाली उतरवलं.

वाचले. हे आधीच सांगतो, कारण मला रहस्यकथा लिहायची नाही. मला भांडायचं आहे. आणि ते डोंगराशी नाही.

त्यांचा कार्यक्रम बघा. पहिल्या दिवशी पहाटे मनालीहून निघाले. मनाली सुमारे २,००० मीटर. अटल बोगदा २०२० साली झाल्यापासून रोहतांगचा वळसा वाचतो, म्हणजे शरीराला उंची कळायच्या आत गाडी पलीकडे. मग साडेचार हजार मीटरवरचा कुंझुम पास, आणि संध्याकाळी काझा, सुमारे ३,७०० मीटर. झोप अर्थातच लागली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला 'साइट सीईंग'. की गोम्पा, किब्बर, लांगझा, हिक्कीम, कोमिक. पाच पॉइंट, एक दिवस. सगळे ४,००० मीटरच्या वर, आणि शेवटचा साडेचार हजाराच्या आसपास.

आता फौजेचा हिशेब बघा. ९,००० ते १२,००० फुटांवर जवान पोचला की पहिला टप्पा सहा दिवसांचा. त्यातले पहिले दोन दिवस आराम, नंतर सपाटीवर थोडं चालणं, शेवटच्या दोन दिवसांत हळूहळू चढ. १२,००० ते १५,००० फुटांसाठी दुसरा टप्पा, आणखी चार दिवस. त्याच्या वर तिसरा टप्पा, पुन्हा चार. म्हणजे रोज दहा किलोमीटर पळणाऱ्या बावीस वर्षांच्या पोराला हिक्कीमच्या उंचीवर कामाला लावण्याआधी आम्ही दहा दिवस देतो. साठी ओलांडलेल्या, बीपीची गोळी घेणाऱ्या माणसाला टूर कंपनीनं एक रात्र दिली. तीही न झोपलेली.

हे वेळापत्रक कुणा बाबूनं टेबलावर बसून केलेलं नाही. १९६२ साली मैदानातून घाईघाईनं उंचीवर चढवलेले आपले कितीतरी जवान गोळी न लागता, फक्त उंचीच्या आजारानं पडले. त्यानंतर आपल्या लष्करी डॉक्टरांनी या विषयाचा पिच्छाच पुरवला. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १,९२५ भारतीय जवानांवर केलेला अभ्यास १९६९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आला. जगभरचे गिर्यारोहक आजही ज्या शहाणपणावर चालतात, त्यातला मोठा वाटा आपल्या जवानांच्या छातीतून आलेला आहे. आणि आपलेच लोक सुट्टी वाचवण्यासाठी तो मोडीत काढतात.

माझ्या निवृत्त वाचकांनो, पुढचं तुमच्यासाठी. सुभेदार साहेबांना सकाळी डोकं दुखत होतं. त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही. का? "साहेब, मी सियाचीन केलंय. या बायका-पोरांसमोर डोकं दुखतं म्हणून काय सांगायचं?" सियाचीन केलं ही गोष्ट मेडल आणि फोटोंत राहते, रक्तात राहत नाही. चार आठवड्यांहून जास्त काळ खाली राहून परतलेल्या जवानाला आपण पुन्हा पहिल्या टप्प्यापासून सुरू करतो. हे तुम्हीच पोरांना शिकवलंय. मग सहा वर्षं साताऱ्यात राहिलेल्या माणसाला वेगळा नियम कुठून आला? डोंगर रँक विचारत नाही आणि सर्व्हिसही मोजत नाही.

पण त्या रात्री मला सगळ्यात जास्त संताप आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. गाडीचा ड्रायव्हर स्पितीचाच होता. त्यानं सकाळी टूर लीडरला सांगितलं होतं, "आज आराम करवा दो, कल चलते हैं." लीडरनं उत्तर दिलं की प्रोग्राम फिक्स आहे, लोकांनी पाच पॉइंटचे पैसे भरलेत. विषय संपला. अख्ख्या ताफ्यात ज्या एका माणसाला त्या जमिनीची माहिती होती, त्याच्या हातात फक्त स्टिअरिंग दिलेलं होतं.

या घटनेच्या आधीच्याच आठवड्यात मी स्वतः एका दिवसाची सहल केली होती, म्हणून हे जास्त झोंबलं. एक रविवार मोकळा मिळाला होता. मी फौजी पद्धतीनं कागदावर आखणी केली. ढंकर गोम्पा, वरचं तळं, ल्हालुंग, ताबो, आणि वेळ उरला तर पिन व्हॅली. बरोबर वाटाड्या म्हणून ढंकरचाच एक तरुण घेतला. त्यानं कागद वाचला, हसला, माझ्याच पेनानं शेवटची दोन नावं खोडली, आणि तळ्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं. "सर, आज इतना ही." पंचवीस वर्षांच्या नोकरीत माझी आखणी इतक्या शांतपणे कुणी कापली नव्हती.

ढंकर म्हणजे कड्यावरचा किल्ला. 'ढंग' म्हणजे कडा, 'कर' म्हणजे गढी. शिचलिंगला हायवे सोडून आठेक किलोमीटर वळणं घेत वर चढलं की मातीच्या सुळक्यांवर पांढऱ्या भिंती दिसतात. खाली स्पिती आणि पिन या नद्यांचा संगम. एके काळी ही स्पितीची राजधानी होती. मला थेट गोम्पात घुसायचं होतं. वाटाड्यानं आधी गावात नेलं, आईच्या हातचा चहा पाजला, आणि कड्याच्या पायथ्याशी उभं करून बोट दाखवलं. तो कडा अखंड दगड नाही. गोटे आणि माती, पाऊस आणि वाऱ्यानं रोज थोडी झिजणारी. वरच्या इमारतीही मातीच्याच, छपरं सपाट. हा पाऊस न पडणारा मुलुख म्हणून तशी बांधलेली. थोडा अवकाळी पाऊस झाला तरी छप्पर झिरपतं. २००६ मध्ये वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडानं जगातल्या धोक्यातल्या शंभर वास्तूंच्या यादीत ढंकरचं नाव घातलं होतं.

हे कळल्यावर मी त्या लाकडी शिडीवर वेगळा पाय ठेवला. छतावर जाताना वाटाड्या म्हणाला, आधी वरची माणसं उतरू देत. आम्ही थांबलो. अर्धा तास. त्या अर्ध्या तासात एका वृद्ध लामानं आम्हाला आत बसवलं आणि काहीही न बोलता दिव्यांत तेल घालत राहिला. यादीत तो अर्धा तास कुठेच नव्हता. मला आज त्या रविवारातलं सगळ्यात स्वच्छ आठवतं ते तेवढंच.

दुपारी ल्हालुंग. जव कापून खळ्यावर आणलेला, जनावरं गोल फिरवून मळणी चाललेली. वाटाड्याच्या मावशीकडे जेवलो. तिनं सांगितलं की मटार विकून वर्षाचा पैसा येतो, आणि मटारचं पाणी वरच्या बर्फातून येतं. बर्फ कमी पडलं की पाळ्या लावून पाणी घ्यायचं. पाहुणे येतात ते चांगलंच, पण काहींना डोंगरातही फ्लश लागतो. ती हसत बोलली. मला काही हसता आलं नाही.

आता पाच पॉइंटवाल्या दिवसात गावाच्या वाट्याला काय येतं ते मोजा. झोप काझाच्या हॉटेलात, जेवणाचे डबे हॉटेलचे, पाण्याच्या बाटल्या मनालीच्या. लांगझाला वीस मिनिटं, बुद्धाच्या मूर्तीबरोबर फोटो, आणि पोरांकडून एक-दोन जीवाश्म खिशात. तिथं करोडो वर्षांपूर्वी समुद्र होता याचा तो पुरावा, जो आता पुण्याच्या शोकेसमध्ये. हिक्कीमला १९८३ पासूनचं पोस्ट ऑफिस आहे, तिथून घरी कार्ड टाकायचं. कोमिकला बोर्डापुढे उभं राहायचं. गावाच्या पदरात धूळ आणि रिकाम्या बाटल्या. याला गाव बघणं म्हणत नाहीत. ही हजेरी झाली.

आपल्याला ही खोड स्पितीत लागलेली नाही. खडकवासल्याला अकादमीत असताना सिंहगड आमच्या पायांच्या ओळखीचा होता, धापा टाकत चढलेला. आज रविवारी तिथं जा. गाडी वरपर्यंत, पिठलं-भाकरी, कड्यावर सेल्फी, आणि परतीच्या ट्रॅफिकला शिव्या. गड बघितला का? 'झाला' म्हणतात. हा 'झाला' शब्द मला छळतो. की झालं, किब्बर झालं, कोमिक झालं. माणूस होता होता राहिला!

तुम्ही म्हणाल, साहेब, तुम्हाला सरकारनं तिथं वर्षं-वर्षं ठेवलं. आम्हाला आठ दिवसांची सुट्टी मिळते, आयुष्यात एकदा जातो, तर जास्तीत जास्त का बघू नये? प्रश्न रास्त आहे. आणि मी काही धुतल्या तांदळाचा नाही. कॅप्टन असताना मीही पाहुण्यांना जिप्सीत कोंबून एका दिवसात पास, गोम्पा आणि तळं 'करवून' आणलेलं आहे. कुणाला डोकेदुखी झाली तर गोळी देऊन पुढे हाकलं. काही झालं नाही ते माझ्या हुशारीनं नव्हे, नशिबानं. म्हणूनच हे लिहायचा मला अधिकार आहे असं समजतो.

आठ दिवसच असतील तर आठ दिवसांचं बघा. मनालीकडून वर उडी मारू नका, सिमल्याकडून किन्नौरमार्गे या. कल्पाला दोन रात्री, ताबोला एक-दोन. शरीर पायरीपायरीनं चढतं. काझापर्यंत पोचलाच नाहीत तरी काय बिघडलं? ताबोचा मठ इ.स. ९९६ चा आहे. हजार वर्षं थांबलाय, तुमच्यासाठी एक सकाळ नक्की थांबेल. ढंकर आणि ल्हालुंग एवढ्यानं एक दिवस काठोकाठ भरतो. रात्र गावातल्या घरी काढा, पैसा त्या घरात राहू द्या. जायच्या आधी आपल्या डॉक्टरला विचारा. वर डोकं दुखलं तर तोंडानं सांगा. बसल्या जागी धाप लागली, खोकला थांबेना, की वर जायचं नाही, वाट बघायची नाही, खाली उतरायचं. याला अपवाद नाही. परमवीरचक्रवाल्यालाही नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. टूरचे पैसे भरण्याआधी कंपनीला एकच प्रश्न विचारा. तुमच्याबरोबर जो स्थानिक वाटाड्या असेल, त्याला यादीतलं नाव खोडायचा अधिकार आहे का? 'नाही' म्हणाले, किंवा प्रश्नच कळला नाही, तर पैसे परत खिशात घाला. फौजेत आम्ही एक गोष्ट रक्त देऊन शिकलो. नकाशा मागं बसलेल्याच्या हातात असतो, पण जमिनीवर उभा असलेला माणूस 'आज नाही' म्हणाला तर त्याचं ऐकायचं. मग तो ड्रायव्हर असो, लामा असो, की मटार सोलणारी मावशी.

सुभेदार साहेब आता ठणठणीत आहेत. हा लेख टाकण्याआधी त्यांना फोनवर वाचून दाखवला. थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "टाका साहेब. फक्त माझं नाव नको. गावात अजून मला सियाचीनवालाच म्हणतात." मागून वहिनींचा आवाज आला, "त्यांना सांगा, पुढच्या वेळी एकच गाव बघायचं म्हणावं. आणि डोकं दुखलं तर मी सांगणार."

यादी कापणारा माणूस त्यांना घरातच मिळाला. तुम्हीही तुमचा शोधून ठेवा.

जय हिंद.