शोधयंत्राला निदान नव्हे, लक्षणे सांगा

घरात कोणाला बरे वाटेनासे झाले की पूर्वी प्रथम आजीला विचारले जाई, मग शेजारी आणि अखेरीस डॉक्टरांना. आता या रांगेत सर्वांच्या पुढे मोबाइल असतो. रुग्ण माझ्या दवाखान्यात येतात ते आजाराचे नाव ठरवूनच. याबद्दल तक्रार करण्याचा माझा हेतू नाही. स्वतःच्या प्रकृतीविषयी जिज्ञासा बाळगणारा रुग्ण हा बेफिकीर रुग्णापेक्षा केव्हाही बरा. मात्र ज्या साधनाला आपण विचारतो, त्या साधनाचा स्वभाव आता बदलला आहे, आणि तो समजून घेणे आवश्यक आहे.

गूगलचा जन्म १९९८ सालचा. एखाद्या पानाकडे इतर किती आणि कोणती पाने बोट दाखवतात, यावरून त्याचे महत्त्व ठरवायचे, ही त्यामागची मूळ कल्पना. अशी शोधयंत्रे आपल्यापुढे पानांची यादी ठेवत; वाचणे, तुलना करणे आणि निवडणे हे काम आपले असे. नव्या पिढीची शोधयंत्रे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने ती पाने स्वतःच चाळतात आणि एकसंध उत्तर लिहून देतात. असे एक नवे शोधयंत्र गेला पंधरवडाभर मी वापरून पाहिले. त्याचे नाव मुद्दामच देत नाही. त्याची जाहिरात करायची नाही आणि निंदाही करायची नाही.

प्रथम मी मराठीतून ‘नागीण’ हा एकच शब्द लिहिला. उत्तरात सर्प आला, दूरदर्शन मालिका आली. आजार मात्र आला नाही. ‘कमरेवर नागीण उठली आहे, आग होते’ असे लिहिताच यंत्राने आजार अचूक ओळखला. लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी सुप्त राहतो आणि पुढे कधीतरी नागिणीच्या रूपाने डोके वर काढतो, हे त्याने सोप्या शब्दांत सांगितले. विषाणूविरोधी औषध पुरळ उठल्यापासून शक्यतो ७२ तासांच्या आत सुरू करावे, हेही सांगितले. नागिणीचे तोंड आणि शेपूट जुळले की माणूस दगावतो, या समजुतीविषयी विचारल्यावर तिला शास्त्रीय आधार नाही असे स्पष्ट उत्तर मिळाले. मंत्र आणि लेप यांत ते मोलाचे ७२ तास घालवणारे रुग्ण मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. त्यांच्यापैकी एकाच्याही हाती हे उत्तर वेळेवर पडले, तरी माझे काम हलके होईल. यंत्राविषयी माझे पहिले मत अनुकूल झाले ते येथे.

दुसरा प्रश्न प्रत्येक आईच्या मनातला. ‘अकरा किलो वजनाच्या बाळाला ताप आहे, पॅरासिटामॉल किती द्यावे?’ उत्तर आले: पाच मिलीलिटर. उत्तर खोटे नव्हते, पण ते अमेरिकेतील बाटलीचे होते. तेथील बालकांच्या औषधात ५ मिलीलिटरमध्ये १६० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असते. आपल्याकडे ५ मिलीलिटरमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅम असलेले पातळ औषध मिळते, त्याच मापात २५० मिलिग्रॅम असलेलेही मिळते, आणि तान्ह्या बाळांच्या थेंबांत तर एकेका मिलीलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असतात. म्हणजे तेच पाच मिलीलिटर एका बाटलीतून १२५ मिलिग्रॅम होतात, दुसरीतून २५० आणि थेंबांच्या बाटलीतून ५००. बालकाला एका वेळी वजनाच्या प्रत्येक किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम द्यावे, असा सर्वसाधारण नियम आहे. त्या हिशेबाने या बाळाची मात्रा ११० ते १६५ मिलिग्रॅम होते. थेंबांच्या बाटलीतून तिप्पट-चौपट औषध पोटात जाईल, आणि अतिरिक्त पॅरासिटामॉल यकृताला इजा करते. म्हणून औषधाची मात्रा मिलीलिटरमध्ये कधीही विचारू नये आणि मिलीलिटरमध्ये मिळालेली कधीही पाळू नये. हातातल्या बाटलीवरचा मजकूर वाचावा आणि आपल्या डॉक्टरांकडून त्याच बाटलीचे माप लिहून घ्यावे.

रक्तशर्करेच्या आकड्यांचेही असेच आहे. ब्रिटनमधील माहितीत उपाशीपोटीच्या साखरेची मधुमेहाची सीमा ७ अशी दिसते आणि आपल्या अहवालात तीच १२६ असते. परिमाणे निराळी आहेत. त्या ७ ला १८ ने गुणले की आपले १२६ येतात. हे ठाऊक नसलेला माणूस विनाकारण घाबरतो किंवा विनाकारण निर्धास्त होतो.

तिसरी चाचणी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मी विचारले, ‘ॲसिडिटीवर घरगुती उपाय सांगा.’ यंत्राने थंड दूध, थोडे थोडे खाणे, रात्री लवकर जेवणे असे उपाय नम्रपणे सांगितले. विचारणाऱ्याचे वय काय, त्याला मधुमेह आहे का, हे त्याने विचारले नाही. नंतर मी तीच तक्रार निराळ्या शब्दांत मांडली: ‘वय ५५, मधुमेह आहे, अर्ध्या तासापासून छातीत जळजळ, घाम येतो आहे, डावा हात जड वाटतो.’ या वेळी उत्तराची पहिलीच ओळ होती की हा हृदयविकाराचा झटका असू शकतो, ताबडतोब रुग्णालय गाठा.

वाचकहो, यंत्र एकच होते आणि त्याचे ज्ञानही तेच होते. फरक पडला तो प्रश्नामुळे. पहिल्या प्रश्नात मी स्वतःच निदान करून टाकले होते. यंत्राने ते मान्य केले आणि पुढे चालू लागले. डॉक्टर तसे करीत नाहीत. ‘पित्त झालंय’ म्हणणाऱ्या रुग्णाचे म्हणणे आम्ही ऐकून घेतो, पण लगेच विचारतो, घाम आला का? चालताना वाढते का? नाडीवर बोटे ठेवतो, चेहरा पाहतो. रुग्णाने न सांगितलेले शोधणे हे वैद्यकाचे निम्मे काम आहे. यंत्र मात्र विचारलेल्याचेच उत्तर देते, आणि घाबरलेला माणूस नेमके तेच विचारतो ज्याच्या उत्तराने त्याला दिलासा मिळेल.

म्हणून काही पथ्ये सुचवतो. यंत्राला आजाराचे नाव सांगू नका, लक्षणे सांगा. वय, जुने आजार आणि चालू औषधे यांसह सांगा. मराठीतून विचारताना एकच शब्द न लिहिता पूर्ण वाक्य लिहा. उत्तराखाली दिलेले आधार उघडून पाहा. तेथे जागतिक आरोग्य संघटना किंवा एखादे वैद्यकीय महाविद्यालय आहे, की औषध विकणारे दुकान, हे पाहिल्यावाचून विश्वास ठेवू नका. रक्तदाबाची, मधुमेहाची किंवा आकडीची चालू गोळी यंत्राच्या सांगण्यावरून बंद करू नका. नाव, पत्ता, तपासणीचा अहवाल त्यात टाकू नका. आजार ही खासगी बाब आहे.

आणि काही प्रसंगी मोबाइल शोधासाठी हाती घेऊच नये. छातीत दुखून घाम येणे, बोलणे अडखळणे, तोंड वाकडे होणे किंवा एका अंगातील शक्ती जाणे, बाळाला झटके येणे, सर्पदंश, श्वास अपुरा पडणे अशा वेळी त्याच मोबाइलवर १०८ हे तीन आकडे दाबून रुग्णवाहिका मागवावी.

एरवी यंत्र जरूर वापरा. आजार समजून घ्यायला, अहवालातील शब्दांचा अर्थ लावायला, डॉक्टरांना कोणते प्रश्न विचारावेत याची यादी करायला ते उत्तम साहाय्यक आहे. ती यादी घेऊन दवाखान्यात या. माझ्यासारख्या डॉक्टरांना अशा रुग्णाचा कंटाळा येत नाही. त्याच्याशी बोलताना दोन मिनिटे अधिक लागतात, पण औषध मात्र योग्य मापाने घेतले जाते.