बरं वाटलं की पैसे बंद?

पाय गेलेला माणूस सोमवारी लंगडा आणि गुरुवारी धडधाकट, असं कधी होत नाही. मनाच्या आजारात मात्र नेमकं तेच होतं. चार महिने बाई स्वयंपाक करते, पोरांची दप्तरं भरते, शेतावर जाऊन येते. आणि मग एक पंधरवडा असा येतो की तिची वेणीफणीसुद्धा दुसऱ्यानं करावी लागते. सरकारी कागदाला हे चढउतार कळत नाहीत. त्याला एकच आकडा हवा असतो. चाळीस टक्के आहे की नाही?

आमच्या पालीत आणि आजूबाजूच्या वाड्यांवर अशा बायका आहेत. नावं नकोत. त्यांच्यापैकी एकीच्या सासूबाईंनी मला रस्त्यात थांबवून विचारलं, "आता गोळ्या लागू पडल्यात, पोरगी बरी आहे. मग संजय गांधीचे पैसे बंद होतील का हो?" सून बरी झाल्याच्या आनंदापेक्षा आवाजात धास्तीच जास्त होती. मला त्याचा राग आला नाही. गोळ्या आणि बीडची फेरी त्या पैशातूनच तर निघते.

आधी पैशाचं बोलू. संजय गांधी निराधार योजना १९८० पासूनची. २०१९ मध्ये महिना १००० रुपये झाले, २०२३ मध्ये १५००, आणि ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांग लाभार्थ्यांना २५००. दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५० हजार, इतरांना २१ हजार. वय १८ ते ६५ आणि दिव्यांगत्व किमान ४० टक्के. मानसिक आजार १९९५ च्या अपंग कायद्यातही होता आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांतही आहे. तेव्हा "हे अपंगात बसत नाही" असं कुणी खिडकीवरून सांगितलं तर ऐकून परत येऊ नका. मात्र एक फरक ध्यानात ठेवा. बौद्धिक अक्षमता वेगळी, मानसिक आजार वेगळा. 'निरामय' विमा पहिल्याला मिळतो, दुसऱ्याला नाही. फॉर्म भरून देतो म्हणून पैसे उकळणारे हा फरक सांगत नाहीत.

आता तो आकडा ठरतो कसा? मला स्वतःला हे कळलं तेव्हा आश्चर्य वाटलं. डॉक्टर चार गोष्टी बघतात: स्वतःची निगा, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम. प्रत्येकीला शून्य ते चार गुण. आजार किती काळ आहे याचेही जास्तीत जास्त चार गुण. एकूण वीस. बेरीज सात झाली की चाळीस टक्के. आणि गंमत बघा, कामाच्या रकान्यात नोकरी नसलेल्या बाईचं घरकाम मोजतात! भाकऱ्या थापणं, पाणी भरणं हे सरकारदरबारी काम म्हणून मोजलं जातं अशी जागा मला तरी दुसरी आठवत नाही.

पण घोळ होतो तो इथेच. डॉक्टर विचारतात, "घरातलं करते का?" आणि सोबत आलेली सासू किंवा नवरा अब्रूपायी म्हणतो, "करते की सगळं." झालं, गुण शून्य. खरी गोष्ट अशी असते की तीनदा सांगितल्यावर करते, गॅस चालू ठेवून जाते, आठवड्यातून दोन दिवस उठतच नाही. ते तसंच सांगायला हवं. फुगवून नव्हे आणि झाकूनही नव्हे. माझं म्हणणं, घरातल्या शिकलेल्या पोरीनं एका वहीत लिहून ठेवावं: कोणत्या तारखेपासून झोप गेली, किती दिवस जेवली नाही, डॉक्टरांनी गोळी कधी बदलली. जुने केसपेपर फेकू नयेत. मनोविकाराचा एक्स-रे निघत नाही, त्यामुळे पुरावा म्हणाल तर तो हाच.

मनाच्या आजाराचं प्रमाणपत्र बरेचदा तात्पुरतं असतं, त्यावर मुदत लिहिलेली असते. आजार कमी-जास्त होऊ शकतो म्हणून कायद्यानंच तशी सोय ठेवली आहे आणि मला ती चूक वाटत नाही. चूक पुढे होते. आपल्याकडे दिवाळी झाली की अर्धं गाव कोयता घेऊन उसाच्या फडावर. मुदत संपते तेव्हा घरात एक म्हातारी आणि ती आजारी बाई. पत्र आलं तर वाचणार कोण? मोबाइल नंबर दुसऱ्याचा, हयातीचा दाखला राहिलेला. पैसे थांबले हे बँकेत गेल्यावर कळतं. म्हणून फडावर जाण्याआधीच मुदत बघा आणि नव्या तपासणीचा अर्ज टाकून पोच घेऊन ठेवा. जिल्हा रुग्णालय बीडला आहे आणि अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय आहे. तालुक्याच्या शिबिरावर विसंबण्याआधी मानसोपचारतज्ज्ञ येणार आहेत का ते विचारा. हाडांचे आणि डोळ्यांचे डॉक्टर असतात. मनाचे असतीलच असं नाही.

आणि समजा, आकडा खरंच चाळीसच्या खाली आला? तर दिव्यांग म्हणून मिळणारं अनुदान जातं. निर्णय पटला नाही तर ९० दिवसांत अपील करता येतं. बाई विधवा किंवा परित्यक्ता असेल तर त्या कारणानं योजनेत राहता येतं, फक्त उत्पन्नाची अट कडक होते. याच्या उलटही बघा. नवरा गेला म्हणून १५०० घेणाऱ्या बाईला मनाचा आजार असेल आणि टक्केवारी बसत असेल, तर तहसीलमध्ये दिव्यांग म्हणून नोंद बदलून मागावी. महिन्याला हजाराचा फरक आहे. 'लाडकी बहीण' दुसऱ्या योजनेतून १५०० किंवा जास्त घेणाऱ्या बाईला चालत नाही, तेव्हा दोन्हीकडे नाव ठेवू नका. वसुलीची कटकट नको.

बायकांची खरी भीती वेगळीच असते, ती दबक्या आवाजात सांगतात. कागदावर आजार लिहिला की नवरा सोडून देईल. हिंदू विवाह कायद्यात मनोविकार हे घटस्फोटाचं कारण आहे, हे खरं. पण १९८८ साली रामनारायण गुप्ता विरुद्ध रामेश्वरी गुप्ता खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की स्किझोफ्रेनियाचं नुसतं नाव पुरेसं नाही. आजार इतका तीव्र हवा की एकत्र नांदणं शक्यच नाही. घटस्फोट नाकारला. आजाराचा शिक्का म्हणजे सोडचिठ्ठी नव्हे, हे माहेरच्यांनीही जाणून असावं.

राहिलं माझं मागणं. गोळ्यांनी बाई उभी राहिली, चार पैसे कमवू लागली, की त्याच महिन्यात अनुदान तोडणं म्हणजे कुबडीनं चालता आलं म्हणून कुबडी काढून घेणं. वर्षभर तरी ते चालू ठेवावं, मग हळूहळू कमी करावं. मुदत संपली तरी नवी तपासणी होईपर्यंत पैसे थांबवू नयेत, कारण तारीख देणं बाईच्या हातात नसतं. मराठवाड्यात मुळात सोयीच तोकड्या. राज्याची जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला. आपल्या बाजूला एकही नाही. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. ग्रामसभेत एकदा उठून विचारा, यंदा ते कशावर खर्च झाले आणि त्यात बीडच्या फेरीचं भाडं बसतं का. रात्री-अपरात्री घरात कुणाचं मन फारच बिघडलं तर १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे, फुकट, आणि मराठीतही बोलतात.