आधी बैलाचा डोळा जातो, मग जमीन

पाऊस लागला की हिमायतनगर-किनवट पट्ट्यात बैलांच्या डोळ्याला पाणी सुटतं. माशा घोंगावतात, बैल डोळा मिटून घेतो, पुढं बुबुळावर पांढरं येतं. उजेडात नीट बघितलं तर आत पांढरा दोरा वळवळताना दिसतो. साहेब लोक म्हणायलेत, आदिवासी अडाणी, डोळ्यात तंबाखूचं पाणी टाकतो, म्हणून बैल आंधळे होतात.

तंबाखूनं डोळा जळतो हे खरं. मीठ टाकू नका, बिब्ब्याचा डागही देऊ नका. पण दुसरं काय करावं हे सांगायला गुड्यावर, वाडीवर कोणता साहेब आला होता?

दुखणं आधी समजून घ्या. जंत दोन तऱ्हेचे. एक पापणीखाली, डोळ्याच्या वरवर राहतो. डोळ्याचं पाणी चाटणारी माशी तो या जनावरावरून त्या जनावरावर नेते. तो औषधानं, धुण्यानं निघतो. दुसरा डोळ्याच्या आत. त्याचे मोठे जंत गुराच्या पोटात राहतात, तिथं फारसा त्रास देत नाहीत. त्यांची पिल्लं रक्तात फिरतात, डास ती उचलून दुसऱ्या जनावरात सोडतो, अन् एखादं वाट चुकून डोळ्यात शिरतं. ते थेंब टाकून निघत नाही. बैल खोड्यात बांधायचा नाहीतर पाडायचा, भूल द्यायची, बुबुळावरच्या काचेला सुईनं बारीक छिद्र पाडायचं. आतल्या पाण्याबरोबर जंत बाहेर येतो. मग काही दिवस औषध. काम थोड्या वेळाचं, पण डॉक्टरचंच. अन् वेळेत झालं तरच डोळा वाचतो.

डॉक्टर असतो श्रेणी-१ च्या दवाखान्यात. श्रेणी-२ मध्ये पर्यवेक्षक, त्याच्या हातचं हे ऑपरेशन नाही. मोठी कॉलेजं परभणीला अन् उदगीरला. टेम्पोचं भाडं कुठून आणायचं? तेवढ्यात व्यापारी येतो, काणा बैल म्हणून पडेल भावात मागतो. जोडी फुटते. दुसऱ्याचं औत मिळेपर्यंत वापसा निघून जातो, प्लॉट पडीक राहतो. मग गार्ड पंचनामा लिहितो, ‘जागेवर वहिती नाही.’ १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसणारा माणूस एका जंतापायी कागदावर खोटा पडतो!

दवाखाना मागितला की उत्तर ठरलेलं, वनजमिनीवर बांधकाम चालत नाही. चालतं. वनहक्क कायदा २००६, कलम ३(२) काढून दाखवा. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रस्ता अशा कामांना प्रत्येकी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते. झाडं हेक्टरी ७५ च्या वर तुटू नयेत, अन् शिफारस ग्रामसभेची लागते. त्यात दवाखाना माणसाचा की जनावराचा, असं काही लिहिलेलं नाही.

येत्या ग्रामसभेत ठराव घ्या. खोड्यासकट दवाखान्याला जागा, अन् तो होईतो पावसाळ्यात दर पंधरा दिवसाला डॉक्टरची फेरी. ज्याचा बैल असा गेला त्यानं बैलाचा रंग, वय अन् डोळा कधी गेला ते ठरावाला जोडावं. एक प्रत वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याला, एक पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विभागाला. सही-शिक्क्याची पोच हातात पडल्याशिवाय टेबलापासून हलू नका.